मैदानाकडे जाणारी वाट

ऑगस्ट सरत आला की अमेरिकेत दर शनिवारी एक विलक्षण स्थलांतर सुरू होते. पहाटेपासून महामार्गांवर मोटारींच्या रांगा लागतात, त्यांवर आपापल्या विद्यापीठाची निशाणे फडकत असतात, आणि एरवी विद्यापीठाच्या आश्रयाने शांतपणे जगणारी लहान लहान गावे दुपारपर्यंत माणसांनी फुलून जातात. हा सारा खटाटोप महाविद्यालयीन फुटबॉलचा सामना पाहण्यासाठी असतो. उच्च शिक्षणासाठी तिकडे गेलेली आपली मुलेमुलीही या ओघात सहज ओढली जातात, आणि घरी पाठविलेल्या छायाचित्रांत कुणी तांबड्या तर कुणी नारिंगी सदऱ्यात दिसू लागतात. हा फुटबॉल म्हणजे आपल्या मडगाव-म्हापशाचा फुटबॉल नव्हे. त्याचा चेंडू लांबट असतो आणि तो बहुतांशी हातांनीच खेळला जातो. त्याचे नियम येथे समजावून सांगण्याचा आमचा हेतू नाही. आम्हाला विचार करावासा वाटतो तो त्याच्या प्रेक्षकाचा. त्यातही जो घर सोडून दुसऱ्याच्या गावी, दुसऱ्याच्या मैदानावर जाऊन आपल्या संघाचा खेळ पाहतो, त्या प्रवासी प्रेक्षकाचा. गेल्या काही वर्षांत त्याची वाट पद्धतशीरपणे अडविली जात आहे, आणि त्यातून आपणही काही बोध घ्यावा असे आम्हाला वाटते.

प्रथम या यात्रेचा विस्तार ध्यानी घेतला पाहिजे. मिशिगन विद्यापीठाचे ॲन आर्बर येथील स्टेडियम १९२७ साली उभे राहिले. त्याची आसनक्षमता १,०७,६०१ आहे. २०१३ च्या सप्टेंबरात नोत्र दाम विद्यापीठाविरुद्ध झालेल्या सामन्यास तेथे १,१५,१०९ प्रेक्षक उपस्थित होते. पेन स्टेट विद्यापीठ ज्या गावात आहे त्याचे नावच मुळी स्टेट कॉलेज. त्याची वस्ती २०११ च्या जनगणनेतील आपल्या पणजीएवढी, म्हणजे चाळीस हजारांच्या घरात. तेथील स्टेडियम मात्र एक लाख सहा हजारांचे! लाखाहून अधिक प्रेक्षकांना सामावून घेणारी अशी आठ स्टेडियमे अमेरिकन विद्यापीठांपाशी आहेत. धंदेवाईक फुटबॉल संघांच्या सर्वांत मोठ्या स्टेडियमाची नेहमीची आसनक्षमता साडेब्याऐंशी हजारांच्या आसपासच थांबते. नेब्रास्का विद्यापीठाच्या लिंकन येथील सामन्यांची सगळी तिकिटे खपण्याची परंपरा तर १९६२ पासून मोजली जाते. एखाद्या विद्यापीठाचे विद्यार्थी आणि त्या गावचे रहिवासी यांच्याच बळावर एवढी आसने भरणे शक्य नाही. ती भरतात बाहेरगावाहून येणाऱ्या माणसांनी: जुन्या विद्यार्थ्यांनी, त्यांच्या मुलानातवंडांनी आणि प्रतिपक्षाच्या पाठीराख्यांनी.

या खेळाचा जन्मच एका प्रवासातून झाला आहे. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी प्रिन्स्टनचे विद्यार्थी आगगाडीने न्यू ब्रन्सविक येथे गेले आणि रटगर्सच्या विद्यार्थ्यांशी खेळले. दोन्ही गावे न्यू जर्सी राज्यातली. मधले अंतर तीस किलोमीटरही नाही. प्रत्येक बाजूस पंचवीस खेळाडू, पाहणारे सुमारे शंभर, आणि नियम आजच्या सॉकरशी अधिक जुळणारे. रटगर्सने तो सामना ६-४ असा जिंकला. आठवड्याभराने रटगर्सची मंडळी परतभेटीसाठी प्रिन्स्टनला गेली आणि तेथे पराभूत झाली. पुढच्या दीडशे वर्षांच्या इतिहासाचे सूत्र या दोन भेटींतच सामावलेले आहे. शेजाऱ्याच्या घरी जावे, त्याच्याशी झुंजावे, आणि पुढच्या खेपेस त्याला आपल्या घरी बोलवावे. हार्वर्ड आणि येल यांचा सामना १८७५ साली सुरू झाला. हार्वर्डचे काँक्रीटचे स्टेडियम १९०३ साली आणि येलचे त्याहून विशाल स्टेडियम १९१४ साली बांधले गेले. प्रवास करून येणाऱ्या माणसांची संख्या वाढली म्हणून मैदानाभोवती भिंती उठल्या, हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

गोमंतकीय वाचकाला या प्रकाराचे मर्म जत्रेच्या उदाहरणाने चटकन उमगेल. आपल्याकडे जत्रेला जाणारा माणूस देवदर्शन घेऊन लगेच माघारी फिरत नाही. दूरच्या नातेवाइकांची भेट, फेरीवाल्यांची दुकाने, खाजे, रात्रीचे नाटक आणि पहाटेचा परतीचा रस्ता हे सारे मिळून जत्रा होते. अमेरिकेतला एक सामना तर खरोखरच जत्रेत खेळला जातो. दरवर्षी डॅलस शहरात टेक्सास राज्याचा मेळा भरतो आणि मेळ्याच्या आवारातल्या कॉटन बोल स्टेडियमात ऑक्टोबरात टेक्सास व ओक्लाहोमा या विद्यापीठांची गाठ पडते. एक संघ ऑस्टिनहून उत्तरेकडे येतो, दुसरा नॉर्मनहून दक्षिणेकडे. दोघांनाही सुमारे तीनशे किलोमीटर पडतात. स्टेडियमाचा अर्धा भाग एका रंगाचा, अर्धा दुसऱ्या. मध्यरेषेवर दोन रंग एकमेकांना भिडलेले असतात. सामना संपला की हेच वैरी एका पाळण्यात बसतात आणि एकाच दुकानासमोर रांग लावतात. टेनेसी राज्यात नॉक्सव्हिलचे स्टेडियम नदीकाठी आहे. तेथे १९६० च्या दशकापासून लोक होड्यांतून येतात आणि धक्क्यावर होड्या बांधून तेथेच स्वयंपाक करतात. इतर ठिकाणी मोटारीचे मागचे दार उघडून तिथेच शेगडी मांडण्याची रीत आहे. पाहुण्या संघाच्या सदऱ्यातला अनोळखी माणूस जवळून गेला तर त्याला चार शब्द टोचून बोलायचे आणि मग त्याच्या हातात खाण्याची थाळी द्यायची, असा या शेगड्यांचा शिष्टाचार आहे.

आयोवा विद्यापीठाच्या स्टेडियमाला लागून मुलांचे एक उंच इस्पितळ आहे. २०१७ पासून तेथे पहिला डाव संपला की संपूर्ण स्टेडियम इस्पितळाकडे तोंड करून उभे राहते आणि वरच्या मजल्यांवरील खिडक्यांतून पाहणाऱ्या आजारी मुलांना हात हलवून अभिवादन करते. पाहुण्या संघाचे पाठीराखेही त्यात सामील होतात. दूरचित्रवाणीवर हे दृश्य कित्येकांनी पाहिले असेल. पण हात हलविण्यासाठी तेथे जावेच लागते.

प्रवासी संघाने आणि त्याच्या प्रेक्षकांनी याहून मोठे कामही करून दाखविले आहे. १९५५ च्या अखेरीस पिट्सबर्ग विद्यापीठ आणि दक्षिणेतील जॉर्जिया टेक यांचा सामना न्यू ऑर्लिन्स येथे ठरला. पिट्सबर्गच्या संघात बॉबी ग्रायर हा कृष्णवर्णीय खेळाडू होता. त्याच्याविरुद्ध आपल्या राज्यातील संघाने मैदानात उतरू नये, असा हट्ट जॉर्जियाचे तत्कालीन राज्यपाल मार्विन ग्रिफिन यांनी धरला. तेव्हा जॉर्जिया टेकचेच गोरे विद्यार्थी रस्त्यावर आले आणि राज्यपालांच्या निवासस्थानावर चालून गेले. अखेर २ जानेवारी १९५६ रोजी सामना झाला, ग्रायर खेळला, आणि पिट्सबर्गच्या प्रेक्षकांसाठी राखलेल्या भागात वर्णानुसार आसने विभागली गेली नाहीत. सामना जॉर्जिया टेकने ७-० असा जिंकला. त्या सर्व विद्यार्थ्यांना वर्णभेदाची चीड होती असे मानणे भाबडेपणाचे होईल. त्यांतील पुष्कळांना आपला सामना हवा होता, इतकेच. परंतु सामन्यापायी का होईना, त्यांना राज्यपालाविरुद्ध उभे राहावे लागले आणि दोन प्रांतांची माणसे एका मैदानाभोवती बसली. माणसांनी सीमा ओलांडू नयेत, एकमेकांत मिसळू नये, ही प्रत्येक जुलमी सत्तेची इच्छा असते. त्याच १९५५ सालच्या १५ ऑगस्टला सरहद्द ओलांडणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी झाडलेल्या गोळ्या ज्या भूमीने पाहिल्या, तिला हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

या प्रेक्षकाचे मोल अमेरिकेच्या क्रीडाधुरीणांना पूर्वी कळत होते. दूरचित्रवाणीमुळे मैदाने ओस पडतील या भीतीने तेथील राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने १९५१ पासून सामन्यांच्या प्रक्षेपणावर मर्यादा घातल्या. १९६१ साली अमेरिकी संसदेने धंदेवाईक संघांना प्रक्षेपणाचे हक्क एकत्रितपणे विकण्याची सवलत दिली, तेव्हाही एक मेख मारून ठेवली. सप्टेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी, महाविद्यालयीन सामना चालू असलेल्या मैदानाच्या पंचाहत्तर मैलांच्या परिघात धंदेवाईक सामना दाखविल्यास ही सवलत मिळणार नव्हती. धंदेवाईकांचा रविवार आणि विद्यार्थ्यांचा शनिवार अशी वाटणी त्यामुळे पक्की झाली. मैदानाकडे निघालेल्या माणसाला घरात अडकवून ठेवू नये, एवढा विवेक त्या कायद्यात होता.

या बांधाला मोठे भगदाड पडले ते १९८४ साली. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या विद्यापीठांनी दाखल केलेल्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन अशा मतांनी निकाल दिला की, प्रक्षेपणावरील संघटनेचे निर्बंध मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करतात. भिन्नमत नोंदविणाऱ्या दोघांपैकी एक न्यायमूर्ती बायरन व्हाइट हे स्वतः विद्यार्थिदशेत नामांकित फुटबॉलपटू होते. या खेळाकडे निव्वळ व्यापार म्हणून पाहिल्यास त्याचे शैक्षणिक स्वरूप हरपेल, असा त्यांच्या भिन्नमताचा आशय होता. कायद्याच्या दृष्टीने बहुमत बरोबर असेलही. पण त्यानंतरच्या चाळीस वर्षांचा इतिहास न्यायमूर्ती व्हाइट यांच्या बाजूने साक्ष देत आहे.

अमेरिकन विद्यापीठे खेळासाठी मंडळे करतात. त्यांना तिकडे ‘कॉन्फरन्स’ म्हणतात. ही मंडळे शेजारधर्मावर उभी होती. एका दिवसात मोटारीने जाऊन येता यावे, फार तर एक मुक्काम पडावा, अशा अंतरावरील विद्यापीठे एकत्र येत. प्रक्षेपणाच्या हक्कांची किंमत चढू लागताच हा हिशेब पालटला. ‘बिग टेन’ नावाच्या मंडळाने २०२२ साली केलेला सात वर्षांचा करार सात अब्ज डॉलरांहून अधिक रकमेचा असल्याचे तेव्हा प्रसिद्ध झाले. २०२४ च्या ऑगस्टात पॅसिफिक किनाऱ्यावरची चार विद्यापीठे या मंडळात दाखल झाली आणि नावात दहा असलेल्या मंडळाचे सभासद अठरा झाले. सिअ‍ॅटलचे वॉशिंग्टन विद्यापीठ आणि न्यू जर्सीचे रटगर्स, म्हणजे १८६९ सालचे तेच रटगर्स, आता एका मंडळातले शेजारी आहेत. मधले अंतर सुमारे चार हजार किलोमीटर! पॅसिफिक किनाऱ्यावरील स्टॅनफर्ड आणि बर्कली ही विद्यापीठे तर अटलांटिक किनाऱ्याचे नाव मिरविणाऱ्या मंडळात गेली. भूगोलाची याहून क्रूर थट्टा आमच्या पाहण्यात नाही. पश्चिमेकडील जुने मंडळ फुटले तेव्हा कॉर्व्हॅलिस आणि पुलमन या दोन लहान गावांतली विद्यापीठेच मागे उरली. पुलमन हे गव्हाच्या शेतांनी वेढलेले, महानगरांपासून दूर असलेले गाव. त्याच्या वाट्याला पडदे थोडे, म्हणून त्याची किंमतही थोडी ठरली.

या व्यवहारात सर्वांत मोठा बळी गेला तो ओक्लाहोमा राज्यातील एका सामन्याचा. नॉर्मन येथील ओक्लाहोमा विद्यापीठ आणि स्टिलवॉटर येथील ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठ यांच्यात सुमारे एकशे तीस किलोमीटरांचे अंतर आहे. १९०४ साली त्यांचा पहिला सामना दोहोंच्या मधल्या गथ्री गावी झाला. त्या दिवशी वाऱ्याने चेंडू शेजारच्या ओढ्यात गेला आणि तो मिळविण्यासाठी खेळाडूंनी गोठविणाऱ्या पाण्यात उड्या घेतल्या, अशी त्या सामन्याची ख्याती आहे. १९१० पासून हा सामना एकही वर्ष चुकला नव्हता. एका घरात नवरा एका विद्यापीठाचा, बायको दुसऱ्या; भाऊ एकीकडे, बहीण दुसरीकडे. दीड तासाच्या वाटेवर ही घरे दरवर्षी एकमेकांना गाठत. पुढे ओक्लाहोमा विद्यापीठाने अधिक श्रीमंत मंडळाचा रस्ता धरला आणि ४ नोव्हेंबर २०२३ रोजी स्टिलवॉटर येथे अखेरचा सामना होऊन ही मालिका खंडित झाली. यजमानांनी तो २७-२४ असा जिंकला. दोन्ही गावे आहेत, दोन्ही मैदाने आहेत, मधला रस्ताही जागच्या जागी आहे. फक्त त्या रस्त्याने जाण्याचे कारण काढून घेतले गेले आहे.

जे सामने उरले, त्यांची वेळही आता प्रवाशाच्या सोयीने ठरत नाही. सामना भर दुपारी की रात्री, हे प्रक्षेपण करणाऱ्या कंपन्या पुष्कळदा बारा दिवस आणि कधी कधी अवघे सहा दिवस आधी जाहीर करतात. ज्याने दोन महिने आधी खोली राखून ठेवली, विमानाचे तिकीट काढले, कामावरून रजा घेतली, त्याने करावे काय? आणि एवढे करून तो पोहोचलाच, तर जाहिरातींसाठी खेळ वारंवार थांबतो आणि तो उन्हात वा बर्फात ताटकळत बसतो. घरी बसलेला गिऱ्हाईक झाला आहे, आणि मैदानावर आलेला त्या गिऱ्हाइकाला दाखविण्याची आरास!

दुसरी बाजू आम्हाला दिसत नाही असे नाही. दूरचित्रवाणीमुळे वृद्ध, रुग्ण, अपंग आणि ज्यांना तिकिटाचे पैसे परवडत नाहीत अशा असंख्य लोकांपर्यंत खेळ पोहोचला. त्या पैशावर जलतरणापासून व्हॉलीबॉलपर्यंत अनेक खेळ विद्यापीठांत तगून आहेत. शिवाय ज्यांच्या घामावर हे साम्राज्य उभे राहिले त्या विद्यार्थी-खेळाडूंना कित्येक दशके शिष्यवृत्तीपलीकडे काही मिळत नव्हते. २०२१ पासून त्यांना स्वतःच्या नावलौकिकावर कमाई करण्याची मुभा मिळाली, आणि २०२५ च्या जूनमध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठे त्यांना थेट मोबदला देऊ लागली. हा न्याय उशिरा झाला, पण झाला, याबद्दल आम्हाला समाधानच वाटते. मात्र खेळाडूला त्याचा वाटा देण्यासाठी शेजाऱ्याशी खेळणे बंद केले पाहिजे, असे कोणत्याही हिशेबवहीत लिहिलेले नाही. उलट ज्या खेळांना हा पैसा तारतो असे सांगितले जाते, त्याच खेळांतली मुलेमुली आता एका सामन्यासाठी खंड ओलांडतात आणि वर्ग बुडवितात. विद्यापीठ या शब्दाला अद्याप काही अर्थ उरला असेल, तर याचा जाब कोणी तरी विचारला पाहिजे.

मोडलेली वाट पुन्हा जोडता येते, हेही तेथेच दिसून आले आहे. टेक्सास आणि टेक्सास ए अँड एम या एकाच राज्यातील विद्यापीठांचा जुना सामना अशाच पांगापांगीमुळे २०११ नंतर बंद पडला होता. दोघे एका मंडळात आले आणि २०२४ च्या नोव्हेंबरात तो पुन्हा खेळला गेला. त्याच वर्षी राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या स्पर्धेची पहिली फेरी प्रथमच विद्यापीठांच्या स्वतःच्या मैदानांवर घेण्यात आली, आणि डिसेंबरच्या थंडीत टेनेसीचे पाठीराखे प्रचंड संख्येने ओहायोत जाऊन थडकले. लोकांची हौस संपली म्हणून मैदाने दुरावली, हा युक्तिवाद यामुळे निकालात निघतो.

आता थोडे घरचे पाहू. प्रेक्षकाशिवाय फुटबॉल कसा दिसतो, हे गोव्याइतके जवळून क्वचितच कुणी पाहिले असेल. महामारीच्या काळात २०२०-२१ चा इंडियन सुपर लीगचा संपूर्ण हंगाम आणि २०२१-२२ चाही जवळजवळ सगळा हंगाम फातोर्डा, बांबोळी आणि वास्को येथील रिकाम्या मैदानांवर खेळविला गेला. तो काळाचा नाइलाज होता. पण २० मार्च २०२२ रोजी अंतिम सामन्यासाठी फातोर्ड्याचे दरवाजे उघडले, तेव्हा केरळमधून हजारो तरुण आगगाडीने, बसने, दुचाकीने मडगावात लोटले. येताना कासरगोडजवळ अपघातात दोघांचा जीव गेला. त्यांचा संघ हैदराबादकडून पेनल्टीवर हरला. तरीही त्या एका दिवसाने मडगावला जे दाखविले, ते दोन हंगामांच्या प्रक्षेपणाने दाखविले नव्हते. त्याआधी २०१६ साली साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि धेंपो या आपल्या तीन क्लबांनी राष्ट्रीय लीगच्या नव्या मांडणीशी न पटल्याने आय-लीगमधून अंग काढून घेतले होते. आणि २०२५ साली व्यापारी हक्कांचा करार संपत आल्यामुळे देशातील सर्वोच्च लीगचा हंगाम ठरल्या वेळी सुरूच होऊ शकला नाही. खेळ कराराच्या खुंटीला टांगला की करार सुटताच तो खाली पडतो, याला अमेरिकेतला दाखला शोधण्याचीही आता गरज नाही.

आमची मागणी अगदी साधी आहे. गोव्यात फुटबॉल चालविणाऱ्या संघटनांनी हंगामाआधी सामन्यांचे वेळापत्रक जाहीर करावे आणि ते पाळावे. रात्री साडेसातला सुरू होणारा सामना साडेनवाच्या सुमारास संपतो. त्यानंतर काणकोणच्या किंवा पेडण्याच्या मुलाने घरी कसे जावे? सामन्याच्या रात्री कदंबच्या जादा गाड्या सोडणे सरकारला अशक्य नाही. जत्रांसाठी ती व्यवस्था होते, तर खेळासाठी का होऊ नये? महाविद्यालयांचे आंतरमहाविद्यालयीन सामने कुठल्या तरी आडवारी, कुणाच्या नकळत उरकले जातात. ते सुट्टीच्या दिवशी, एकमेकांच्या गावी, परतभेटीच्या रीतीने खेळवावेत. विद्यार्थ्यांना एका बसमध्ये घालून समोरच्या महाविद्यालयाच्या मैदानावर न्यावे. त्याला अब्जावधी डॉलर लागत नाहीत; डिझेल आणि थोडी कळकळ लागते.

पेडण्याच्या मुलाने काणकोणच्या मैदानावर जाऊन आपला संघ हरलेला पाहावा, तेथल्या मुलांची चेष्टा ऐकून घ्यावी, त्यांच्याबरोबर चहा प्यावा आणि पुढच्या वर्षी आमच्याकडे या म्हणून बजावून परतावे. गावे एकमेकांना अशी ओळखू लागतात. अमेरिकेने दीडशे वर्षे जपलेले हे धन चार-दोन वर्षांत विकावयास काढले आहे. आपण ते अजून पुरते कमावलेलेही नाही. निदान कमावण्याआधीच ते गहाण टाकू नये.